मृगाजिनाची उलटी बाजू

जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विद्यापीठात वन्यप्राण्यांच्या न्यायवैद्यक तपासणीचं केंद्र आहे. वनखात्याने छाप्यात जप्त केलेलं कातडं, शिंगाचा तुकडा, पातेल्यातली मांसाची फोड असं काय काय तिथे पोचतं आणि प्रत्येक वस्तूबाबत प्रश्न एकच असतो : हे कुणाचं? केस शाबूत असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली केसाचा गाभा आणि त्यावरचे खवले पाहतात. केस उडवलेले असतील तर डीएनए काढतात. चितळ, सांबर, काळवीट की साधा बोकड हे अहवालात लिहून येतं आणि त्या अहवालावर खटला उभा राहतो. प्रयोगशाळेचं काम तिथे संपतं. मला त्याच कातड्याबद्दल आणखी एक प्रश्न विचारायचा आहे : हे सोललं कुणी?

हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही, आणि त्याला कारण आहे. हरणाचं कातडं ही आपल्या समाजातली मोठी विलक्षण वस्तू आहे. चामड्याचा विटाळ मानणारे, वहाणा उंबऱ्याबाहेर सोडणारे, पूजेला बसताना कमरेचा पट्टासुद्धा काढून ठेवणारे आपण. त्याच आपण हे एक कातडं थेट देवघरात नेलं. त्यावर बसून जप केला, मुंजीत आठ वर्षांच्या बटूच्या जानव्याला त्याचा तुकडा बांधला. कातड्यांच्या जातीत ब्राह्मण ठरलेलं असं हे एकटं कातडं. माझं म्हणणं असं की हे ब्राह्मण्य त्याला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी त्याच्यामागची माणसं पुसावी लागली : धरणारा, सोलणारा, कमावणारा. आज कायद्याने मृगाजिनाला हात लावला की परंपरेवर घाला पडल्याची ओरड होते. त्या ओरडणाऱ्यांना ही पुसापुशी आठवत नाही, कारण ती होऊन दोनेक हजार वर्षं लोटली आहेत.

आधी ती वस्तू नीट पाहू. जबलपुरात मराठी माणूस जुना आहे. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाव घेतलं तेव्हा ते नागपूरकर भोसल्यांकडे होतं. पुढे रेल्वे आली, कचेऱ्या आल्या, आणि १९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आलं. राइट टाउन, नेपियर टाउन भागातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही पाट, सोवळ्याचे मुकटे, पळी-पंचपात्रं यांच्या सोबतीने एखादं मृगाजिन गुंडाळून ठेवलेलं सापडतं. असंच एक ओळखीच्या काकूंनी मला उलगडून दाखवलं. सासरेबुवा त्यावर बसून संध्या करायचे. काळविटाच्या नराचं होतं ते : पाठीचा भाग काळपट, कडेला पोटाचे पांढरे केस, मधली जागा बसून बसून टक्कल पडल्यासारखी. हात फिरवला तर केस चिमटीत मोडून येत होते. त्यात दोष कुणाचा नव्हता. या प्राण्यांच्या केसाचा गाभा रुंद आणि आत हवा भरलेला असतो. थंडीवाऱ्यात त्याचा उपयोग होतो, पण बसायला तो टिकाऊ नाही. म्हणून जुनी मृगाजिनं मधोमध बोडकी झालेली दिसतात.

मी ते उलटं केलं. उलट्या बाजूला सगळा इतिहास होता. कडेने ठरावीक अंतरावर भोकं, म्हणजे ओलं कातडं ताणून खुंट्या ठोकून वाळवलेलं. मांसाचा पापुद्रा खरवडल्याच्या समांतर रेषा. पुढच्या पायाच्या बगलेत, जिथे कातडं पातळ होतं आणि सुरी हमखास घसरते, तिथे एकही काप नाही. ज्याने हे सोललं त्याचा हात पक्का होता. मानेजवळ एक चीर आतून बारीक टाक्यांनी शिवलेली, वरून केसांत ती दिसतही नव्हती. "काकू, हे कुणी केलं असेल?" मी विचारलं. काकूंना प्रश्नच चमत्कारिक वाटला. "अहो, मृगाजिन काय कुणी करतं का? ते आणतात."

काकूंना दोष देण्यात अर्थ नाही, धर्मग्रंथांनीही पुढे पुढे हेच केलं आहे. पण सुरुवातीला तसं नव्हतं, आणि मला त्याचंच नवल वाटतं. शतपथ ब्राह्मणात कथा आहे की यज्ञ देवांपासून पळून गेला आणि काळवीट होऊन हिंडू लागला. देवांनी त्याला गाठलं, त्याचं कातडं काढलं आणि ते घेऊन आले. म्हणून यज्ञात उखळ ठेवायचं ते कृष्णाजिनावर, दीक्षा घेतलेल्याने बसायचं तेही त्यावर. त्याचे पांढरे आणि काळे केस म्हणजे ऋचा आणि सामं. इथे सोलण्याचं काम खुद्द देव करतात आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात नाना धंद्यांच्या माणसांची लांबलचक यादी येते. तिच्यात चामडं कमावणारा आहे आणि त्याच्या शेजारी अजिनं जोडणारा कारागीरही वेगळा नोंदलेला आहे. म्हणजे मृगाजिन 'करणारा' माणूस एके काळी वेदाला ठाऊक होता, आणि तो स्वतंत्र धंदा होता.

मनुस्मृतीपर्यंत आलो की चित्र पालटतं. दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्यांनी कोणती अजिनं पांघरायची ते सांगितलं आहे : ब्राह्मणाने काळविटाचं, क्षत्रियाने रुरू हरणाचं, वैश्याने बोकडाचं. त्याच अध्यायात, काळवीट जिथे आपसूक वावरतो तो देश यज्ञाला योग्य, अशी कसोटीही आहे. (ही कसोटी आज लावली तर महाराष्ट्रात यज्ञभूमी म्हणून कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं इवलंसं अभयारण्य आणि सोलापूरजवळचं नान्नजचं माळरान यांचा नंबर पुणे-नाशिकच्या कितीतरी वर लागेल.) आणि दोनच अध्याय पुढे, कुणाकुणाचं अन्न खाऊ नये याच्या यादीत, चामडं कापणाऱ्याचं अन्न खाल्लं तर यश जातं, असं तोच ग्रंथ बजावतो. कातडं अंगावर घ्यायचं आणि ते ज्याच्या हातून आलं त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. बौधायन धर्मसूत्रात कृष्णाजिन बेलाने आणि तांदळाने शुद्ध करायची रीत दिली आहे. कमावण्याची रीत मात्र द्यायची गरज वाटलेली नाही. वस्तू शुद्ध करता येते, माणूस करता येत नाही, असा सगळा हिशेब.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं : मृगाजिन हे कमावलेलं चामडं नव्हेच, ते नुसतं वाळवलेलं कातडं, म्हणून त्याला चर्मकाराचा हात लागतच नाही. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याने एकदा तरी ओलं कातडं पाहिलं आहे त्याला यातला फोलपणा कळेल. जबलपूरच्या हवेत नुसतं सोलून टाकलेलं कातडं दोन दिवसांत सडतं, केस बुडख्यासकट सुटतात. मांस-चरबी खरवडणं, मीठ-तुरटी चोळणं, सावलीत ताणून वाळवणं, वाळताना ताठ होऊ नये म्हणून पुन्हापुन्हा चोळून मऊ करणं, एवढं झाल्यावर ते बसण्याजोगं होतं. हे काम कुणा शास्त्रीबुवांनी ओसरीत बसून केलं असेल यावर माझा विश्वास नाही.

आणि त्याच्याही आधी काळवीट हाती लागायला हवा. उघड्या माळावर तो भल्याभल्यांना जवळ येऊ देत नाही. त्याला फाशात धरायचं कसब विदर्भ-मराठवाड्यापासून नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत फासेपारध्यांच्या हाती होतं. नावातच फास. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. हिरालाल इथलेच, जबलपूर जिल्ह्यातल्या तेव्हाच्या मुडवाऱ्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे. त्या खंडांत पारध्यांच्या शिकारीच्या तऱ्हा सविस्तर आल्या आहेत. ज्या राजांना चित्ता सोडून काळविटाची शिकार पाहायची हौस होती, त्यांच्या पदरी चित्तेपारधी असत. कोल्हापूर संस्थानात ही हौस पार विसाव्या शतकापर्यंत चालली. याच पारध्यांना इंग्रजांनी १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मजात गुन्हेगारांत ढकललं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांचा मूळ धंदाच गुन्हा झाला. तो व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतू नाही. पण जमाखर्च पाहावा : ज्याने फास लावला तो दोन्ही कायद्यांत आरोपी, आणि ज्याने त्या कातड्यावर बसून जप केला त्याच्या घरात ती 'आजोबांची आठवण'.

इथवर मी काळविटाबद्दल बोलतो आहे, आणि काळवीट काटेकोरपणे पाहिलं तर हरीणच नव्हे. त्याची शिंगं कायमची असतात. चितळ, सांबर, बारशिंगा यांची दरवर्षी गळतात आणि नवी येतात. जबलपूरच्या आसपासचं जंगल या दुसऱ्या जातीचं, आणि त्यांच्या कातड्याचा व्यवहार देवघराशी नव्हता. सांबराचं चामडं मऊ, ताणलं जाणारं, सच्छिद्र. त्याचे बूट वाळलेल्या पाल्यावर आवाज करत नाहीत म्हणून शिकाऱ्यांना फार प्रिय. कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८७१ साली छापलेल्या मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरच्या पुस्तकात इथल्या सालवनांतल्या बारशिंग्यांची वर्णनं आहेत, आणि अर्थात त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांचीही. त्यानंतर शंभर वर्षांत, १९७० साली, कान्ह्यात बारशिंगे उरले होते ६६. या उपजातीचे बारशिंगे जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. कुरणं वाचवली, गावं हलवली, कुंपणाआड प्रजनन केलं, तेव्हा आज ते हजारावर गेले आहेत.

देवघराबाहेरच्या या व्यवहारात केस उडवून कातड्याचं चामडं करायचं तर चुना लागतो आणि मग तुरट द्रव्य लागतं. ते द्रव्य म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा. हिरड्याच्या फळात टॅनिन मुबलक, तिशीच्या आसपास टक्के. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या चर्मोद्योगाला भारतातला हिरडा जाऊ लागला तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याच्या प्रती गावांच्या नावांनी ठरवल्या. त्यांत 'जबलपूर' ही एक नावाजलेली प्रत, आणि 'वेंगुर्ला' ही दुसरी. लिव्हरपूलच्या गोदामात पोत्यांवर आपल्या कोकणाचं नाव महाकोशलच्या शेजारी लागत होतं, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. पण त्यातही पाहा : फळाला गावाचं नाव मिळालं. ज्या चांभार आणि ढोर वस्त्यांनी पिढ्यान्पिढ्या त्या हिरड्याच्या पाण्यात कातडी बुडवली, गावाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला, त्यांच्या कसबाला कुठल्याच वहीत प्रत नाही.

परंपरेची बाजू मांडणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो ते स्वतः नीट मांडत नाहीत. मृगाजिनाने काळवीट संपवला नाही. एका माणसाला जन्मभर एक आसन पुरतं, मुंजीला बोटभर तुकडा लागतो. एवढ्या मागणीने जात संपत नाही. जात संपते ती बाजाराने. सतराव्या शतकात डच कंपनीने तैवानातून जपानला हरणांची कातडी पाठवायला सुरुवात केली. सामुराईंच्या अंगरख्यांना, चिलखताला, मोज्यांना ती हवी होती. काही वर्षी कातड्यांचा आकडा लाखाच्या वर जाई. तिथलं ठिपकेदार सिका हरीण पुढे शेतीने आणि शिकारीने रेटलं जाऊन १९६९ च्या सुमारास जंगलातून नाहीसं झालं. आपल्याकडे काळवीट गेला तो माळरानं नांगराखाली गेल्याने आणि जीपमधून बंदुका रोखल्याने. जपाच्या आसनाने नव्हे. एवढं कबूल करायलाच हवं.

पण मग यातूनच पुढची मागणी निघते : धार्मिक वापरापुरती सूट द्या, नैसर्गिकरीत्या मेलेल्या हरणाचं कातडं वनखात्याने विकत द्यावं, नाहीतरी ते गिधाडा-कोल्ह्यांच्या तोंडीच जातं. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या सुमारापासून तांबड्या हरणांची शेती होते, हातमोजे-पाकिटं उघड विकली जातात, मग आम्हीच काय घोडं मारलं? हा युक्तिवाद वरवर सरळ आहे आणि आतून पोकळ आहे. न्यूझीलंडमधली हरणं बाहेरून आणून सोडलेली. तिथे ती वाचवायचा नव्हे तर आवरायचा प्रश्न होता. आपल्याकडे सूट दिली की प्रत्येक फासातलं काळवीट 'आपोआप मेलेलं' ठरेल. केस उडवून कमावलेलं चितळाचं चामडं आणि बोकडाचं चामडं तुमच्या-माझ्या डोळ्यांना एकच दिसतं, कमावताना डीएनएची पार नासाडी होते, आणि मग जबलपूरच्या प्रयोगशाळेतसुद्धा उत्तर सहज मिळत नाही. कायद्याने वन्यप्राणी, जिवंत वा मेलेला, सरकारची मालमत्ता मानला आहे तो याच चोरवाटा बंद करायला. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा किमान तीन वर्षं आणि कमाल सात. जुनी कातडी जाहीर करायला १९७२ नंतर मुदत होती. २००३ साली पुन्हा १८० दिवसांची संधी दिली. वारशाने दाखल्यासकट आलं तर ९० दिवसांत कळवायचं. लोकांनी कळवलं नाही, कारण ते 'कातडं' आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. देवघरातली वस्तू, तिचा आणि वनखात्याचा काय संबंध!

सूट मागणाऱ्यांना माझा खरा प्रश्न कायद्याचा नाहीच. समजा सूट मिळाली. कान्ह्याजवळ मेलेलं हरीण सोलायला कोण जाणार? मागणी करणाऱ्यांपैकी कुणी नाही, हे आपण दोघेही जाणतो. इथे पारस्कर गृह्यसूत्र मोठी पंचाईत करून ठेवतं. महाराष्ट्रातल्या शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिनांच्या मुंजी ज्या सूत्राने लागतात तेच हे सूत्र. वर्णावर्णाची अजिनं सांगून झाल्यावर ते म्हणतं, सांगितलेलं मिळालं नाही तर सगळ्यांनाच गाईचं चालेल, कारण तेच मुख्य. परंपरेची तड लावायची म्हटलं तर ती इथे येऊन लागते. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उना तालुक्यातल्या मोटा समढियाळ्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून चाबकाने, सळयांनी मारलं. ते करत होते ते काम केल्याशिवाय त्या सूत्रातलं अजिन तयार होत नाही. सूत्र लिहिणाऱ्याला गाईच्या कातड्याचं वावडं नव्हतं, आणि ते सोलणाऱ्याला फटके मारावेत असंही त्याने कुठे म्हटलेलं नाही. वावडं नंतर आलं, फटके त्याहून नंतर.

आता माळ्यावरच्या मृगाजिनांचं काय? जबलपुरात त्यांची वाट ठरलेली दिसते. कुणी तरी 'यात तुरुंग होतो' म्हणून घाबरवतं आणि मग एखाद्या पहाटे ते पिशवीत घालून ग्वारीघाटाला नर्मदेत सोडतात, फुलं-निर्माल्य सोडावं तसं. मला हे दोन्ही अंगांनी चुकीचं वाटतं. एक तर गुन्हा धुऊन जात नाही, नदीत कातडं तेवढं जातं. दुसरं म्हणजे, त्या कातड्याबरोबर त्याची उलटी बाजूही जाते : खुंट्यांची भोकं, खरवडीच्या रेषा, तो आतला टाका. फासेपारध्यांच्या आणि कातडं कमावणाऱ्यांच्या त्या हाताचा, निदान या घरांपुरता, दुसरा पुरावा राहिलेला नाही. सरळ मार्ग एकच, लेखी अर्ज करून वनखात्याच्या ताब्यात देणं. आणि वनखात्यानेही अशा माणसाला चोरासारखं उभं न करता वस्तू घेऊन पावती द्यावी. घेतलेल्यांपैकी चार-दोन राणी दुर्गावती संग्रहालयात लावावीत, पण केसांची बाजू भिंतीकडे करून. पाटीवर 'कृष्णाजिन, पूजेचे आसन' एवढं लिहून भागणार नाही. ते कसं धरलं, कसं सोललं, कशाने मऊ केलं आणि ही कामं कोणत्या जमाती करत, हेही लिहायला हवं.

मुंजीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. पूजासाहित्याच्या दुकानात हरणाचं म्हणून बोटभर तुकडा मिळतो. तो खरा असेल तर गुन्हा आणि खोटा असेल तर फसवणूक, तेव्हा तो घेऊच नये. पुष्कळ गुरुजी आता त्याशिवाय मुंज लावतात आणि मुंज लागते. पण ज्यांचं अजिनावाचून अडतंच, त्यांच्यासाठी मनूने बोकडाचं कातडं सांगून ठेवलं आहे, फार तर वैश्याचं म्हणून नाक मुरडावं लागेल. ते बाजारातून पुडीत बांधून आणू नये. यजमानाने स्वतः कमावणाऱ्याच्या घरी जावं, मुलाला बरोबर न्यावं, कातडं कसं ताणतात, कशाने चोळतात ते त्याला पाहू द्यावं, आणि निघण्याआधी त्या घरी चहा घ्यावा.